सामाईक धुलाईयंत्राचा विनियोग
(संत गाडगेबाबा जयंतीनिमित्त झालेल्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून विद्वान वक्ते शिक्षण, संघटन, समाजाची उन्नती अशा थोर विषयांवर बोलतात. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, सारी हयात प्राथमिक शाळेत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात घालविलेली. तेव्हा मंडळाने आम्हांस विषयही आमच्या बेताचाच दिला आहे. आपल्या वसतिगृहाच्या मागील पडवीत जी दोन धुलाईयंत्रे आहेत, ती सर्वांनी मिळून नीट कशी वापरावीत, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. विषय जाहीर होताच काही तरुण मंडळी हसली, हे आम्ही पाहिले. हसावे. परटांच्या मेळाव्यात एका परटानेच उभे राहून कपडे कसे धुवावेत हे सांगावे, यात हसण्यासारखे आहेच. परंतु ज्या कारणाने हा विषय मंडळापुढे आला, ते कारण हसण्यासारखे नाही.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वसतिगृहातील एक विद्यार्थी आपले धुणे घेऊन यंत्रापाशी गेला. यंत्र थांबलेले होते, पण आत दुसऱ्या कोणाचे कपडे तसेच पडून होते. थोडा वेळ वाट पाहून त्याने ते ओले कपडे ओढून काढले व फरशीवर टाकले. ज्याचे ते होते तो आला. बाचाबाची झाली. "बाजूच्या बादलीत ठेवायचे होतेस," असे त्याने म्हणताच पहिल्याने उत्तर केले, "तुझे कपडे सांभाळायला मी काय धोबी आहे?" पुढे ढकलाढकलीत यंत्राच्या दाराची बिजागरी मोडली आणि महिनाभर ते बंद पडून राहिले. दोन्ही मुले गुणी आहेत, त्यांचा समेटही झाला आहे. त्यांची नावे आम्ही सांगणार नाही आणि कोणी विचारूही नयेत. परंतु तेव्हापासून ही यंत्रे विकून टाकावीत व ज्याने त्याने आपले धुणे आपण पाहावे, अशी एक सूचना मंडळापुढे पडून आहे. तिचा निर्णय या वर्षी व्हावयाचा आहे.

बिजागरी दुरुस्त झाली. ते वाक्य मात्र आमच्या मनातून गेले नाही. परटांच्या वसतिगृहात, गाडगेबाबांच्या तसबिरीखाली राहणाऱ्या परटाच्याच मुलाने ते उच्चारावे! त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, आणि तिचे कारण केवळ तो मुलगा नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही एका गावी नव्याने शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने आमची जात कळताच सदऱ्याची बाही पुढे करून म्हटले होते, "मास्तर, एवढी इस्त्री बघा बरे, बरोबर बसली आहे का?" सर्व हसले. आम्हीही हसलो. आणि पुढे ज्या ज्या गावी बदली झाली, तेथे वडिलांचा व्यवसाय कोणी विचारला की आम्ही "शहरात छोटे दुकान होते" असे सांगू लागलो. खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. तेव्हा त्या मुलास ते वाक्य कोणी शिकविले असेल, तर ते आमच्यासारख्यांनीच. म्हणून आज यंत्राविषयी बोलण्यापूर्वी त्या दुकानाविषयी बोलणे आम्हांस भाग आहे.

आमचे वडील पंचगंगेवर धुणे नेत. आदल्या रात्री कपडे खाराच्या पाण्यात भिजवून भट्टी लावावयाची; वाफेने मळ सुटला की पहाटे गाठोडी बांधून नदी गाठावयाची. आमचे काम मोजदादीचे. वीस-पंचवीस घरांचे कपडे एकत्र. परंतु एका घरचा रुमाल दुसऱ्या घरी गेला, असे वर्षातून एखादे वेळीही घडत नसे. याचे रहस्य बिब्ब्यात होते. बिब्ब्याच्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यास बारीकशी खूण करावयाची आणि वर चुना लावावयाचा. मग तो कपडा फाटेपर्यंत धुतला तरी ती खूण जात नाही. इंग्रज लोकांनी तर या फळास खुणेचे फळ असेच नाव दिले. कोणाची दोन ठिपक्यांची खूण, कोणाची फुली, कोणाची आडवी रेघ. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्या आमच्या वडिलांच्या डोक्यात ही सारी वर्णमाला पाठ होती. बिब्बा उतला म्हणजे हातावर फोड येत. आमच्या आईच्या बोटांवरचे काळे डाग आम्ही लहानपणापासून पाहिले आहेत.

परंतु कौशल्यापेक्षाही एक रीत होती, आणि तीच आज आम्हांस सांगावयाची आहे. दुसऱ्याचा कपडा जमिनीवर ठेवावयाचा नाही. आधी आपले जुने पटकूर अंथरावयाचे व त्यावर ठेवावयाचा. खिशात नाणे सापडले तर ते त्याच कपड्याच्या टोकास गाठ मारून परत द्यावयाचे. सोयर-सुतकाचे, बाळंतिणीचे, आजाऱ्याचे कपडे वेगळे धुवावयाचे आणि कोणाच्या घरातून काय आले हे चार लोकांत बोलावयाचे नाही. गावाचे सारे मळ परटास ठाऊक असत, पण त्याच्या तोंडून ते बाहेर पडत नसत. आणि धुण्याचा दगड सर्वांचा. आपले काम झाले की त्यावरील खाराचे पाणी ओतून, हाताने पुसून, मगच दगड सोडावयाचा, कारण मागून येणाऱ्याच्या रंगीत लुगड्यावर तो खार उतरला असता. नदीवर परटाच्या धुण्याजवळच घरोघरच्या बायकाही धुणे घेऊन येत. रंकाळ्याच्या पाण्यावरील धुण्याची चावी तर जुन्या कोल्हापूरकरांस सांगावयास नको. तेथेही पाळी होती, भांडणे होती, आणि भांडणांतून ठरलेले नियमही होते. सामाईक धुण्याची जागा ही आपल्या शहरास नवीन वस्तू नव्हे. शाहू महाराजांनी १९०१ पासून येथे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना हात दिला. त्या वसतिगृहांतही पाण्याचा हौद, न्हाणीघर, धुण्याचा दगड हे सारे सामाईकच असावयाचे.

यंत्र आले म्हणजे ही रीत संपली, असा आपला समज झाला आहे. वास्तविक उलट झाले आहे. घरात स्वतःचे यंत्र असेल तर गोष्ट वेगळी. परंतु सामाईक यंत्रात प्रत्येकास कधी ना कधी दुसऱ्याचा कपडा हातात घ्यावाच लागतो. जे काम पूर्वी केवळ आपल्या जातीचे समजले जाई, ते सामाईक यंत्राने प्रत्येकाच्या वाट्यास आणले आहे. अमेरिकेत फोर्ट वर्थ नावाच्या शहरी १९३४ साली कोणी एका गृहस्थाने चार विजेची यंत्रे मांडून ती लोकांना तासांच्या भाड्याने वापरावयास दिली. तेथून अशा दुकानांचा प्रसार झाला असे सांगतात. स्वीडन देशात तर मोठमोठ्या इमारतींतून सर्व बिऱ्हाडांना मिळून बहुधा तळघरात एकच धुण्याची खोली असते. दारापाशी वेळापत्रकाचा फळा. ज्याने त्याने आपली वेळ आधी राखून ठेवावी, वेळ संपताच खोली झाडून, यंत्र पुसून बाहेर पडावे, असा दंडक. आणि इतक्या शिस्तीच्या त्या देशातही कोणी वेळ चुकविली, कोणी कचरा तसाच ठेवला, म्हणून एकमेकांस रागाच्या चिठ्ठ्या चिकटविण्याबद्दल त्या खोल्या प्रसिद्ध आहेत! आपल्या दोन मुलांचे भांडण ऐकून ज्यांना फार वाईट वाटले असेल, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. भांडण सर्वत्र होते. मुंबईच्या महालक्ष्मी स्थानकाजवळील धोबीघाटावर आपलेच बांधव दगडांच्या शेजारी आता मोठी यंत्रेही चालवितात; तेथे प्रत्येक कपडा दुसऱ्याचाच असतो, तरी दिवसाचे काम दिवसात उरकते.

असो. आता यंत्राकडे वळू.

आपल्याकडील एक यंत्र वरून झाकणाचे व दुसरे पुढून दाराचे आहे. दोहोंचे काम करण्याचे तत्त्व निराळे. वरच्या झाकणाच्या यंत्रात तळाची चकती पाणी घुसळते व कपडे एकमेकांवर घासले जातात. म्हणजे चोळून धुणे. पुढच्या दाराच्या यंत्रात पिंप फिरते, कपडे वर उचलले जातात आणि पुन्हा खाली आपटतात. म्हणजे चक्क आपले दगडावर आपटणेच, फक्त जरा सौम्य. ही गोष्ट एकदा समजली की निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. कपड्यांना आपटावयास जागा हवी. पिंप दाबून भरले तर कपडे वर जाणार कोठून व पडणार कोठे? ते गठ्ठ्यासारखे एकत्र फिरतात, आतला मळ आतच राहतो. कपडे भरल्यावर वरती हात सहज फिरेल एवढी पोकळी ठेवावी. यंत्रावर साडेसहा किलो असे लिहिले आहे, ते वजन कोरड्या कपड्यांचे आहे. आम्ही वाण्याच्या काट्यावर तोलून पाहिले: मुलांची ती जाड निळी विजार पाऊण किलोच्या घरात जाते, साधी चादर अर्ध्या किलोची, आणि सोलापुरी चादर एकटीच सव्वा किलो. चार विजारी, दोन सोलापुरी आणि वर टॉवेल, हा हिशेब तिसरीतल्या मुलासही करता येईल; परंतु आपले पदवीधर तो करीत नाहीत.

साबणाच्या पुडीचेही तेच. फेस जितका अधिक तितके कपडे स्वच्छ, हा समज वडीवर घासून धुण्याच्या काळचा आहे. पुढच्या दाराच्या यंत्रात फेस फार झाला की तो गादीसारखा होतो. कपडा त्यावर अलगद पडतो, आपटतच नाही. शिवाय तो फेस पूर्ण निघत नाही, कपड्यात राहतो, व कातडीस खाज सुटते. पुड्यावर लिहिले असेल त्या मापाने, आणि त्या यंत्रासाठी असलेली कमी फेसाचीच पूड घालावी. ज्यास आपल्या खर्चाची चिंता नाही त्याने निदान नदीची करावी. आपल्या मोरीचे पाणी शेवटी कोठे जाते? जयंती नाल्याची व पंचगंगेची अवस्था कोल्हापूरकरांस आम्ही काय सांगावी? जेथे आमच्या वडिलांनी जन्मभर कपडे धुतले, त्या घाटावर आज आम्ही पाय धुण्यासही कचरतो.

खिसे तपासावेत, हे सांगण्याची लाज वाटते, पण सांगतो. दुरुस्तीच्या वेळी यंत्राच्या तळाची गाळणी उघडली, तेव्हा कारागिराने आमच्या हातावर ठेवलेल्या वस्तू अशा: तीन नाणी, केसांचा एक आकडा, करदोट्याचा तुकडा, बसच्या तिकिटांचा लगदा आणि लंगोटाची एक नाडी. शेवटची वस्तू कोणाची हे कोल्हापुरात शोधणे अशक्य. पूर्वी खिशातले नाणे गाठीतून परत जात असे. आता ते पंपात जाते व मंडळास दुरुस्तीचे बिल येते. विजारीच्या साखळ्या लावून, सदरे उलटे करून घालावेत. नवे रंगीत सुती कापड पहिल्या दोन-तीन वेळा वेगळ्या बादलीत हाताने धुवावे; एका लाल टॉवेलाने सहा जणांचे पांढरे सदरे गुलाबी केल्याची घटना ताजी आहे. जाड घोंगडी वा रजई एकटी घालू नये; पिळताना पिंप मिनिटास कित्येक शेकडा फेरे घेते, वजन एका बाजूस झाले म्हणजे यंत्र जागा सोडून चालू लागते. सोबत दोन टॉवेल घातले की तोल राहतो.

एका गोष्टीवर मात्र आम्ही थोडे अधिक बोलणार आहोत, कारण ती कोणी उघड बोलत नाही. गजकर्ण, खरूज हे रोग वसतिगृहातून पसरतात आणि त्यांत कपड्यांचा, विशेषतः टॉवेलांचा व आतील कपड्यांचा वाटा मोठा. ज्यास असा त्रास असेल त्याने लपवू नये, व इतरांनी त्याची थट्टा करू नये. त्याचे कपडे वेगळे, पुढच्या दाराच्या यंत्रात साठ अंशांच्या गरम पाण्यावर धुवावेत, कडक उन्हात वाळवावेत आणि शिवणीवर गरम इस्त्री फिरवावी. आजाऱ्याचे कपडे वेगळे व गरम, ही गोष्ट भट्टी लावणाऱ्या आपल्या आज्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होती. अशा धुण्यासाठी बुधवारची संध्याकाळ राखून ठेवावी, अशी आमची सूचना आहे. फळ्यावर नाव लिहिण्याची गरज नाही, अधीक्षकांस सांगितले म्हणजे पुरे. चार लोकांत न बोलण्याची जुनी रीत येथेही चालावी.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुराची आठवण येथे दिल्यावाचून राहवत नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पाणी उपसण्याची केंद्रेच बुडाल्याने शहराचे नळ बंद पडले. आपल्या सभागृहात काही पूरग्रस्त कुटुंबे उतरली होती. पूर ओसरला, वीज आली, कूपनलिकेस पाणी होते. आणि सर्वांनी चिखलाने माखलेले कपडे थेट यंत्रात कोंबले. दुसऱ्याच दिवशी गाळाने यंत्राची नळी तुंबली. तेव्हा आपल्यातील एक सत्तरी ओलांडलेल्या आजी उठल्या. त्यांनी अंगणात तीन पिंपे मांडावयास लाविली. पहिल्या पिंपात कपडा नुसता बुचकळावयाचा, चोळावयाचा नाही, कारण गाळ चोळला तर धाग्यात शिरतो, दुसऱ्यात झटकावयाचा, तिसऱ्यात पिळावयाचा, मगच यंत्राकडे. पिंपातला गाळ खाली बसला की वरचे पाणी पुन्हा वापरावयाचे, कारण पाण्याची टंचाई. प्रत्येक कुटुंबाच्या कपड्यांस त्यांनी निराळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका मारविला. तीन-चार दिवस त्या आजी स्टुलावर बसून होत्या. ना कोणाचा कपडा हरवला, ना कोणाचे भांडण झाले. त्या कुटुंबांत आपल्या समाजाबाहेरचीही होती. जाताना त्यांतील एका गृहिणीने आजींच्या पाया पडून म्हटले, आमच्या घरातला चिखल तुम्ही हाताने काढलात. आजींनी उत्तर काय दिले असेल? त्यांनी तिच्या हाती एक चार आण्यांचे जुने नाणे ठेवले. ते त्या बाईच्या पदरातून निघाले होते.

गाडगेबाबा आपल्याच ज्ञातीत १८७६ साली शेणगावी जन्मले. अंगावर चिंध्यांचे गोधडे, हाती खराटा. गावात शिरताच आधी गाव झाडावयाचे, मग रात्री कीर्तन. लोकांचा कचरा उचलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि आपल्याला सोबत्याचा ओला सदरा उचलण्यात वाटावा?

म्हणून यंत्रे विकण्याच्या सूचनेस आमचा विरोध आहे. तिच्याऐवजी आम्ही मंडळापुढे एक साधी व्यवस्था ठेवीत आहोत. यंत्रांजवळ एक पाटी टांगावी. ज्याने कपडे घातले त्याने नाव, खोली व यंत्र थांबण्याची वेळ लिहावी. वेळ झाल्यावर दहा मिनिटे वाट पाहावी. तरीही तो आला नाही, तर पुढच्याने हात स्वच्छ धुवून ते कपडे काढावेत, फळीवरील कोरड्या टोपलीत ठेवावेत, आणि पाटीवर तसे लिहावे. टोपल्या आम्ही आमच्याकडून देऊ. ज्याचे कपडे राहिले त्याने रागवावयाचे नाही. ज्याने काढले त्याने उपकार दाखवावयाचे नाहीत. ओले कपडे रात्रभर बंद यंत्रात राहिले तर त्यांस कुबट वास येतो, तो पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. तेव्हा काढणारा हा खरे म्हणजे मालकाचे कामच करीत असतो. शेवटच्याने रबरी कड्यातील पाणी फडक्याने टिपावे, दार उघडे ठेवावे आणि कोरड्या हाताने बटण बंद करून मगच पिन काढावी. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून यंत्रास हात लावू नये. पाट ठेवलेला आहे. सभासद कुटुंबांनी अंथरुणे-पांघरुणे आणावयाची असल्यास रविवारी दुपारनंतर आणावीत, कारण सकाळ मुलांची असते.

आमच्या वडिलांची बिब्ब्याची डबी व खुणांची सुई आम्ही अद्याप जपून ठेविली आहे. तीस वर्षे ती ट्रंकेच्या तळाशी होती. ती वसतिगृहाच्या कपाटात ठेवण्यासाठी आज अध्यक्ष महाशयांच्या स्वाधीन करीत आहोत. बिब्ब्यास मात्र कोणी हात लावू नये, फोड येतात. परवा ज्या विद्यार्थ्याने ते वाक्य उच्चारले, त्याने आपण होऊन आम्हांस विचारले की या खुणा कशा वाचावयाच्या. आम्हांस जेवढ्या आठवतात तेवढ्या आम्ही त्याला वहीत काढून दिल्या आहेत. दोन-तीन खुणांचा उलगडा मात्र आम्हांस होईना; जुन्या घरांतील कोणा वडीलधाऱ्यांस ठाऊक असतील तर त्यांनी सभा संपल्यावर भेटावे.

यंत्रे प्रत्यक्ष कशी चालवावीत हे येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता पडवीत दाखविण्यात येईल. येणाऱ्याने एक मळका सदरा सोबत आणावा, खिसे पाहून.